शिडाची जुनी होडी : रास्त किंमत कशी ठरवावी

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या. परंतु शिडाच्या नौकांच्या शर्यती मात्र मुंबईच्या बंदरात घ्याव्या लागल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले ते तेथेच. राजधानीला समुद्र नाही, ही उणीव अशी चारचौघांत उघडी पडली. तथापि दिल्लीत शिडाच्या होड्या नाहीतच असे नव्हे. ओखला येथे यमुनेला बांध घालून १८७४ मध्ये आग्रा कालवा सुरू करण्यात आला. पुढे त्याच परिसरात अडविलेल्या पाण्यावर संरक्षण दलांच्या क्लबाने होड्या चालविल्या.

अशा ठिकाणी कोणाची बदली होते, कोणाची मुले मोठी होऊन परगावी जातात आणि होडी विकावयास निघते. किती रुपये सांगावेत, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. जुनी मोटार विकणारा करोलबागेत एक फेरफटका मारून भाव काढू शकतो, कारण तशाच दहा मोटारी तेथे उभ्या असतात. होडीच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. मुंबईतील भाव जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण मुंबई सडकेने सुमारे १,४०० किलोमीटर दूर आहे. चौदा फुटी होडी ट्रकवर चढविली की वजनापेक्षा तिने अडविलेल्या जागेचेच भाडे अधिक होते. म्हणून येथे किंमत बाजारातून न काढता होडीतूनच काढावी लागते.

त्याची रीत सरळ आहे. तशीच होडी सुस्थितीत, पाण्यात ढकलताच चालू लागेल अशी, खरेदीदाराला त्याच्या पाण्यापर्यंत आणून केवढ्याला पडेल, हा आकडा प्रथम धरावा. आपली होडी त्या स्थितीला आणण्यास जो खर्च येईल, तो त्यातून वजा करावा. विकणाऱ्याने आजवर तिच्यावर किती खर्च केला, याला या हिशेबात स्थान नाही. विकणाऱ्याला नेमके हेच पटत नाही. गेल्या वर्षी दिलेल्या रंगाचे पैसे त्याला आठवत असतात. घेणाऱ्याला फक्त रंग दिसतो, आणि कधी कधी त्याखाली काय लपविले आहे अशी शंकाही येते.

वजाबाकीत सर्वांत मोठा आकडा बहुधा शिडाचा असतो. शीड फाटलेले नसले म्हणजे चांगले, ही समजूत चुकीची आहे. उन्हाने कापडाचा कस जातो, त्याचा करकरीतपणा नाहीसा होतो आणि वाऱ्यात ते योग्य आकार धरीत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेले शीड दोनतीन वर्षांत निव्वळ आच्छादनाच्या योग्यतेचे होते. उलट डोलकाठी व धातूचे भाग यांच्या बाबतीत दिल्लीची होडी भाग्यवान ठरते. समुद्रावर, पोलादी रिबिटी जेथे ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत बसविलेल्या असतात, तेथे खाऱ्या पाण्यामुळे ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते. गोड्या पाण्यात हे फार सावकाश घडते. म्हणून मुंबईहून आलेल्या आणि ओखल्याला वाढलेल्या, एकाच वयाच्या दोन होड्यांची किंमत एकच लावणे अन्यायाचे होईल.

मुख्य परीक्षा मात्र तळाची. ‘एंटरप्राइज’ ही निळ्या शिडांची दोन माणसांची होडी इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांनी १९५६ साली रेखाटली. तिची लांबी सुमारे चार मीटर. ती मुळात प्लायवूडची. घरच्या अंगणात बांधता यावी, हाच त्यामागील हेतू होता. प्लायवूडचे थर कडांशी व सांध्यांशी पाणी पितात. पेचकसाच्या टोकाने तेथे हळूच दाबून पाहावे. टोक आत रुतले तर लाकूड कुजले आहे. नदीकाठी ठेवलेल्या होडीबाबत तर जुलै २०२३ च्या पुराची चौकशी अवश्य करावी. त्या वेळी दिल्लीतील जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली होती. फायबरग्लासची होडी कुजत नाही, पण आत पाणी मुरवून जड होते. ‘लेझर’ या एकट्याने चालवावयाच्या होडीचा सांगाडा सुमारे ५९ किलोचा असतो. तोच काट्यावर सत्तर किलो भरला, तर शंका घेण्याजोगे काहीतरी आहे. वजनाचा काटा येथे विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासार्ह होय.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, सुस्थितीतील एंटरप्राइज दिल्लीत आणून १,५०,००० रुपयांना पडते. आपल्या होडीला नवी शिडे हवीत, त्यांचे ४०,०००; सांध्याच्या दुरुस्तीचे १५,०००; दोर व किरकोळ सामानाचे ५,०००. उरले ९०,०००. यातून घेणाऱ्याच्या दगदगीचे व जोखमीचे काही वजा करणे न्याय्य आहे, कारण दुरुस्ती त्याला करावयाची आहे आणि ती ठरल्या खर्चात क्वचितच आटोपते. तेव्हा ८०,०००च्या आसपास सौदा व्हावा, आणि घासाघिशीला वाव म्हणून ८५,००० सांगावेत. दीड लाख सांगून वाट पाहणाऱ्याची होडी आणखी एक उन्हाळा काढते, आणि तेवढ्यात तिची किंमत खरोखरच उतरते. दुसऱ्या बाजूस, नवशिक्याने सगळी पुंजी खरेदीतच घातली तर तारा व दोर बदलण्यास त्याच्यापाशी काही उरत नाही. डोलकाठीला धरणारी जुनी तार वाऱ्यात तुटली, तर डोलकाठी होडीतल्या मुलाच्या डोक्यावर येते.

मापनाचा दाखला असेल तर तो शर्यतीत उतरणाऱ्याला मोलाचा, इतरांना कागद. शिडावरील क्रमांक त्या दाखल्याशी जुळतो की नाही, हे पाहून घ्यावे. होडी वाहून नेण्याच्या गाडीची किंमत वेगळी सांगणे बरे. दिल्लीत अनेकदा खरे गिऱ्हाईक त्या गाडीलाच असते.