सुई तारेकडे वळत नाही

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. गोंदियाजवळच्या कामठ्यात विचारा की मुंबईत, या धड्यावर मुलांकडून हमखास ऐकू येणारं उत्तर एकच: तारेतून वीज गेली की तार चुंबक होते आणि होकायंत्राच्या सुईला स्वतःकडे ओढते. यातला ओढण्याचा भाग चुकीचा आहे. सुई तारेकडे वळत नाही आणि तारेपासून लांबही पळत नाही. सरळ तारेभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं असतात, तार त्यांच्या मधोमध असते आणि सुई जिथे असेल तिथल्या वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेला लागू पाहते. म्हणजे तारेला आडवी.

ही गोष्ट मुलांनाच अवघड जाते असं नाही. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेडने एप्रिल १८२० मध्ये व्याख्यान चालू असताना तारेजवळची सुई हललेली पाहिली आणि जुलैमध्ये चार पानांचं लॅटिन टिपण छापलं. तोवर माहीत असलेली बलं, मग ते गुरुत्वाकर्षण असो की विद्युतभारांमधलं बल, दोन वस्तूंना जोडणाऱ्या सरळ रेषेतच काम करत होती. तारेभोवती फिरणारा परिणाम शास्त्रज्ञांनाही नवीन होता.

प्रयोग घरी करता येतो, पण तार कशी धरायची हे नीट समजून घ्यायला हवं. होकायंत्र सपाट ठेवा, तार त्याच्या वरून उत्तर-दक्षिण, म्हणजे सुईला समांतर धरा आणि टॉर्चच्या सेलला क्षणभरच जोडा, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला सरकेल. तीच तार होकायंत्राखाली ठेवली तर ते पूर्वेला जाईल. तार तीच, धारेची दिशा तीच, फक्त सुई तारेच्या दुसऱ्या बाजूला आली आणि वळण्याची दिशा उलटली. वर्तुळांचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही. किती सरकेल? दोन अँपिअर धारा दोन सेंटिमीटरवर सुमारे २० मायक्रोटेस्ला क्षेत्र देते. आपल्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. त्यामुळे सुई २५ ते ३० अंश वळते, पूर्ण ९० नाही. पृथ्वी तिला सोडत नसते.

बरेच जण तार पूर्व-पश्चिम धरतात, सुई हलत नाही आणि प्रयोग फसला असं म्हणतात. प्रयोग फसलेला नसतो. धारा पश्चिमेकडून पूर्वेला असेल तर तारेखालचं क्षेत्र उत्तरेकडेच असतं आणि सुई आधीच तिकडे तोंड करून असते. सेल उलटा जोडला तर क्षेत्र दक्षिणेकडे होतं, आणि ते पृथ्वीच्या क्षेत्रावर मात करण्याइतकं असेल तर सुई उलटी फिरते.

उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम नेमकं हेच सांगतो. अंगठा धारेच्या दिशेने, तारेभोवती वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेने. परीक्षेत मुलं याच्या जागी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावतात, आणि तिथे गुण जातात. फ्लेमिंगचा तो नियम वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: दुसऱ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर बल कोणत्या दिशेने येईल? तिथे क्षेत्राची दिशा आधीच ठाऊक असावी लागते. हुशार मुलांची शंका निराळी असते. इलेक्ट्रॉन तर उलट दिशेने जातात, मग नियमही उलटा का नाही? धारेची दिशा धन ते ऋण धरायची हा संकेत आहे. इलेक्ट्रॉनच्या दिशेने अंगठा धरायचा असेल तर डावा हात घ्या. क्षेत्राची दिशा तीच येते.

तारेवरच्या प्लास्टिकने क्षेत्र अडतं, हाही समज टिकून आहे. प्लास्टिक विजेला अडवतं, चुंबकीय क्षेत्राला नाही. लोखंडाच्या किसाबद्दलही सांगायला हवं: किसामुळे वर्तुळांचा आकार दिसतो, दिशा दिसत नाही. दिशेसाठी सुईच लागते.

कामठ्याच्या धानाच्या बांध्यांवरून गेलेल्या तारांखाली होकायंत्र धरलं तर मात्र सुई ढिम्म राहते. कारण त्यात एसी आहे. सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे क्षेत्राची दिशा सेकंदात १०० वेळा उलटते आणि सुईला तितक्या वेगाने फिरता येत नाही. गोंदिया जंक्शनवरच्या २५,००० व्होल्टच्या तारेचंही तेच. शिवाय जाणारी आणि परतणारी तार शेजारी असली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. म्हणून सिंगल फेज मोटरचा करंट बघताना इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच तार घेतो. दोन्ही घेतल्या तर आकडा शून्य येतो, मोटर भरात चालू असली तरी. हे प्रयोग सेलवरच करा, घरच्या प्लगवर किंवा डीपीजवळ कधीच नाही.

एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेची गोष्ट वेगळी, आणि तिने महाराष्ट्रात एक वेधशाळा हलवायला लावली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला नेली. ट्रामची धारा वरच्या तारेतून येते आणि खालच्या रुळांतून परतते. दोघांत काही मीटर अंतर, त्यात थोडी धारा रुळांतून जमिनीत झिरपणार, त्यामुळे क्षेत्रं पूर्ण पुसली जात नाहीत. होकायंत्राला न जाणवणारा फरकही वेधशाळेची उपकरणं टिपतात. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. तिथल्या ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. अलिबागच्या नोंदी चालू आहेत.