आभाळ स्वच्छ आहे, दर्याचं काय? थंडीतल्या हवामानाबद्दल थोडं



डिसेंबर लागला की जेटीवर ऐकू येतं, "आता पाऊस नाही, वादळ नाही, अंदाज कशाला बघायचा?" म्हणून हे लिहितोय.

थंडीत उत्तर भारतातली जमीन गार होते आणि तिच्यावरची हवा जड होते. तिथे हवेचा दाब वाढतो. जानेवारीत तो १०१८ हेक्टापास्कलच्या आसपास असतो, आपल्या गोव्यात १०१३ च्या जवळपास. वरून खाली बसणारी हवा तापते, कोरडी होते, म्हणून ढग धरत नाहीत. हा दाब आठवडेच्या आठवडे तसाच राहतो आणि रोज तेच हवामान: पहाटे घाटाकडून मतलई वारा, दुपारी खारा वारा. मतलईचा जोर असला की खारा वारा उशिरा येतो आणि ऐन थंडीत पणजीत घाम फुटतो.

याचे फायदे आहेत. ढग नसल्यामुळे उपग्रहाला दर्या नीट दिसतो, त्यामुळे हैदराबादची इन्कॉईस संस्था मासळीच्या जागा कळवते ती माहिती या दिवसांत जास्त मिळते. मासळीही चांगली सुकते. फक्त रात्री दंव पडतं, सांजेला झाकून ठेवावी लागते. हे आमच्या बायकांना सांगायला नको म्हणा.

आता धोक्याचं. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते आणि पहाटे मांडवी-जुवारीत धुकं बसतं. वारा नसला की ऊन चढेपर्यंत हलत नाही. लहान होडीवर दिवा नसेल तर बार्जवाल्याला ती दिसतच नाही. धुक्यात दिवा लावा, हॉर्न ठेवा, नाहीतर तासभर थांबा.

दुसरा धोका लांबून येतो. इराणच्या आखाताकडे थंडीत शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्याच्या लाटा अरबी समुद्र पार करून आपल्या किनाऱ्याला लागतात. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मोजल्या आहेत. इथे वारा पडलेला, आभाळ निळं, आणि दर्या मात्र वायव्येकडून उठलेला! नदीच्या मुखावर ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना या लाटा समोरून आल्या की उभ्या राहतात आणि फुटतात. होड्या उलटतात त्या अशाच जागी. अशा वेळी आत शिरायची घाई नको, भरती लागू द्या.

ओळखायचं कसं? काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी आली की समजा पश्चिमेकडून थंड हवेचा पट्टा सरकतोय. शमाल बहुतेक वेळा त्याच्याच मागे सुटतो. पुढचे दोन-तीन दिवस इन्कॉईसचा लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, दोन्ही वाचूनच होडी काढा.

तांडेलांनी तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ फोनमध्ये घालून ठेवावा, खलाशांनाही द्यावा.

— सचिव