पाच ग्रॅमचा हिशेब

निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! एकटा मेंदूच तासाभरात जवळपास तेवढी फस्त करतो. उलट पोळी-भाताच्या साध्या जेवणातून ६०-७० ग्रॅम कर्बोदकं सहज पोटात जातात. तरी रक्तातली साखर आवाक्यात राहते, ही स्वादुपिंडाची करामत. टाइप १ मधुमेहात तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात आणि हा हिशेब माणसाच्या गळ्यात पडतो.

दिवसातून चारदा बोट टोचलं तर वर्षाला १,४६० आकडे मिळतात. दंडावर चिकटवलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो: दिवसाला २८८, वर्षाला १,०५,१२०. आठव्या वर्षी लावला, तर अठराव्या वाढदिवसापर्यंत दहा लाखांच्या वर. एवढं वाचत बसायला कुणाला सवड आहे? म्हणून ते आकडे थेट इन्सुलिन पंपाकडे जातात.

'कंट्रोल-आयक्यू'सारखी प्रणाली त्यांवरून पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधते आणि इन्सुलिन कमी-जास्त करते. काही पंप एका वेळी ०.०५ युनिट इतकं कमी सोडू शकतात, म्हणजे मिलीलीटरचा दोन हजारावा भाग. त्यात इन्सुलिन पावणेदोन मायक्रोग्रॅम; रेणू मात्र सुमारे १८० लाख कोटी.

इतकी नजाकत असूनही यंत्र कायम उशिरा पोहोचतं. सेन्सर मोजतो ती पेशींभोवतीच्या द्रवातली साखर, रक्ताच्या काही मिनिटं मागे. त्वचेखाली सोडलेलं जलद इन्सुलिन काम सुरू करायलाच पंधरा मिनिटं घेतं, जोर धरतं तासाभराने आणि उतरायला तीन-चार तास लावतं. त्यामुळे जेवणाआधी कर्बोदकं किती, हे अजून माणसानेच सांगायचं. अशा प्रणालीला 'हायब्रिड' म्हणतात ते यासाठी. रात्री जेवण नसतं, तेव्हा यंत्राची खरी ताकद दिसते.

साखर दर डेसिलीटरमागे ७० ते १८० मिलिग्रॅममध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ राहावी, म्हणजे सुमारे १७ तास, हे बहुतेकांसाठी ठरलेलं उद्दिष्ट. २०१९ साली अमेरिकेतल्या १६८ जणांवरच्या सहा महिन्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्वयंचलित प्रणालीवाल्यांचा हा वेळ ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेला. नुसता सेन्सर आणि पंप वापरणाऱ्यांचा ५९ वरच राहिला. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण दोन्ही गटांतला फरक निघाला रोजचा २.६ तास. वर्षभर तसाच टिकला, तर ३९ दिवस.