सोडली, पण जगली का?

मालवणच्या लिलावात मोरीचे, म्हणजे मुशीचे किंवा शार्कचे, वाटे मांडलेले असतात. त्यात कधीकधी हातभर लांबीची, हातोड्यासारख्या आडव्या डोक्याची पिल्लं दिसतात. ही कानमुशी. एखादं पिल्लू उताणं केलं, की छातीवरच्या दोन परांच्या मधोमध एक बारीक चीर दिसते. ती नाळेची खूण. कानमुशी अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवते. जन्मानंतर काही आठवड्यांत ही चीर बुजते. ती उघडी असेल, तर पिल्लू अगदी नुकतं जन्मलेलं, आणि तेही बहुधा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जिथे जाळ्यांची दाटी सर्वांत जास्त असते.

बांगड्याची मादी लाखाच्या हिशेबात अंडी सोडते. कानमुशीची मादी वयात यायलाच कित्येक वर्षं घेते, मग जवळपास वर्षभर गाभण राहते आणि एका वेळी पंधरा ते तीसच्या आसपास पिल्लं देते. मांटा जातीचं प्रचंड पाकट तर काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू देतं. निसर्गाने हा हिशेब मांडला तेव्हा समुद्रात ट्रॉलर नव्हते. 1970 नंतरच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली, असं 2021मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात जगातल्या 1,199 जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक नामशेष होण्याच्या वाटेवर निघाल्या. मुख्य कारण, बेसुमार मासेमारी.

शार्क म्हटलं की पर कापून धड समुद्रात फेकणारी जहाजं डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडेही 2013मध्ये पर धडापासून वेगळे करून आणायला मनाई झाली आणि 2015मध्ये परांची निर्यात बंद झाली. दोन्ही निर्णय योग्यच. पण आपल्या किनाऱ्यावरचं दुखणं वेगळं आहे. इथे मुशी अख्खी उतरते, कारण ती खाल्ली जाते. मोरीच्या मटणावर अख्खं घर जेवतं, खारवलेल्या तुकड्यांवर पावसाळा निघतो. आणि बहुतेक वेळा कोणी मुद्दाम तिच्यामागे गेलेलं नसतं. कोळंबीसाठी ओढलेल्या ट्रॉलमध्ये, सुरमईसाठी लावलेल्या जाळ्यात ती येते.

म्हणून सरसकट बंदीचा उपाय टिकत नाही. जुलै 2001मध्ये तो करून पाहिला गेला. झाडून सगळ्या शार्क आणि पाकटांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. मच्छीमारांनी विरोध केला आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. मला तो विरोध रास्त वाटतो. कोकणात सर्वाधिक मिळणारी छोटी मुशी म्हणजे स्कोलिओडॉन, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दोन-तीन पिढ्यांनी जिचं विच्छेदन केलं तीच. ती एक-दोन वर्षांत वयात येते. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कमध्ये सर्वांत लहान; पिल्लाचं बाकी सगळं पोषण आईच्या नाळेतून होतं. तिच्यावर ताण नाही असं नव्हे, पण तिला आणि कानमुशीला एकच नियम लावणं हा अन्याय आहे. संरक्षित जातींची यादी 2022च्या दुरुस्तीने पुन्हा वाढली. वाढली हे बरंच झालं. पण कोणता मासा यादीत आहे हे जाळ्याला कळत नाही. ते कळतं जाळं वर आल्यावर, डेकवर, आणि तिथे हाताशी काही मिनिटंच असतात.

त्या मिनिटांत काय करता येतं, हे माशाच्या श्वासावर ठरतं. कानमुशीला कल्ल्यांतून पाणी खेळतं ठेवण्यासाठी सतत पुढे पोहत राहावं लागतं. जाळ्यात अडकली की तिचा श्वासच कोंडतो. शिवाय ती फार लवकर खचते. जाळं वर येईपर्यंत ती बहुतेक वेळा मेलेली असते, किंवा सोडली तरी थोड्याच वेळात मरते. तिच्या बाबतीत ‘सोडून द्या’ हा सल्ला जवळजवळ निरर्थक आहे. तिला वाचवायचं तर जाळं तिथे त्या वेळी पडताच कामा नये. आपली पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै. कानमुशी त्याच वेळापत्रकात विते असं गृहीत धरता येत नाही. कोणत्या खाडीच्या मुखाशी, कोणत्या महिन्यात नाळेची खूण असलेली पिल्लं येतात हे तांडेलांना ठाऊक असतं. त्यांना विचारून बंदरोबंदर ते नोंदवावं आणि तेवढाच पट्टा तेवढेच आठवडे मोकळा ठेवावा. मोजक्या भागाची, मोजक्या दिवसांची बंदी मच्छीमारालाही परवडते.

बहुतेक पाकटांचं आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या गिटारफिशचं मात्र वेगळं आहे. ही मंडळी तळाशी वाळूत पडून राहतात. त्यांच्या डोळ्यांमागे एकेक भोक असतं. त्यातून पाणी आत ओढून ती न हलताही श्वास घेतात. म्हणून डेकवर आलेली गिटारफिश बऱ्याचदा जिवंत असते, हलते, धडपडते. जाळं तासन्‌तास न ओढता लवकर उचललं, तर तिच्या जगण्याची शक्यता आणखी वाढते. तिला शेपटी धरून उचलू नये, आकडा खुपसू नये, ओल्या हातांनी दोन्ही बाजूंनी धरून पाण्यात सोडावी. पुष्कळ पाकटांच्या शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून खलाशी आधी शेपटीच छाटतात. ते स्वाभाविक आहे, पण ओला गोणपाट टाकून शेपटी दाबली तरी काम होतं. आणखी एक गोष्ट डेकवर दिसते. पकडलेली गाभण मादी धसक्याने तिथल्या तिथे पिल्लं टाकते. दिवस भरलेली पिल्लं लगेच पाण्यात गेली तर त्यांना संधी असते, अर्धवट वाढलेली वाचत नाहीत. मादीला लवकर सोडण्याची घाई एवढ्यासाठी. मोठ्या गिटारफिश आणि त्यांच्या भाऊबंदांच्या 16 जातींपैकी 15 जाती 2019मध्ये अतिसंकटग्रस्त ठरल्या. सागरी माशांत इतकी वाईट अवस्था क्वचितच कुणाची असेल. आणि त्यांनाच सोडणं सर्वांत जास्त उपयोगाचं आहे.

सोडणं रुजू शकतं, हे गुजरातने दाखवलं. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कची कत्तल होत होती. माइक पांडे यांच्या 2000 सालच्या माहितीपटाने ती जगापुढे आणली आणि पुढच्याच वर्षी या माशाला कायद्याचं संरक्षण मिळालं. खरा बदल 2004पासून घडला. वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी ‘व्हाली’ मोहीम उभी केली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, ही लेक आहे, माहेरी आली आहे. सोबत कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. तेव्हापासून नऊशेहून अधिक व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हातांनी सोडले. नुसत्या भावनेवर किंवा नुसत्या पैशावर हे झालं नसतं.

महाराष्ट्रातही डिसेंबर 2018पासून कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची अशीच योजना आहे. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. चांगली योजना. कासव, व्हेल शार्क असे मोठे जीव तिच्यामुळे सुटले. पण भरपाई जाळं कापल्याची आहे. ट्रॉलच्या खोळीतून डेकवर ओतलेल्या गिटारफिशसाठी जाळं कापावंच लागत नाही. तिला सोडणाऱ्याचं नुकसान जाळ्याचं नसतं, तर लिलावात मिळाला असता त्या दराचं असतं. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा डोक्यावर असलेल्या माणसाकडून ते दरवेळी फुकट सोसण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. योजनेत एक कलम वाढवावं: जिवंत सोडलेल्या गिटारफिशची चित्रफीत दाखवली की वजनाच्या अंदाजाने बाजारभाव मिळावा. पैसे खात्यात पुढच्या फेरीआधी जमा व्हावेत, सहा महिन्यांनी नव्हे.