घराण्याचा ट्रक बदलताना

अमेरिकेत होंडाची मोटार विकून टोयोटाची घेतली, तर शेजारीपाजारी त्याची फारशी दखल घेत नाहीत. परंतु वर्षानुवर्षे फोर्डचा पिकअप ट्रक चालविणाऱ्या गृहस्थाने एके दिवशी शेव्हरोलेचा ट्रक दारात आणून उभा केला, की त्याला कारणे द्यावी लागतात. सासऱ्याला द्यावी लागतात, कामावरच्या सोबत्यांना द्यावी लागतात. प्रसंगी थट्टाही सोसावी लागते. ही थट्टा गमतीचीच असते. मात्र तिच्यामागचा व्यवहार गमतीचा नाही. गेल्या काही वर्षांत अशा नव्या ट्रकची सरासरी किंमत साठ हजार डॉलरच्या पलीकडे गेली आहे. म्हणजे अनेक कुटुंबांच्या दृष्टीने घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी हीच. आणि ती करताना आकड्यांपेक्षा निष्ठेचा कौल अधिक ऐकला जातो.

'पिकअप' म्हटले, की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे भाजी मंडईतला 'छोटा हत्ती' किंवा गावाकडची मालवाहू बोलेरो उभी राहते. अमेरिकेतील 'फुल-साइज' पिकअप हे प्रकरण निराळे आहे. चार दारांच्या फोर्ड एफ-१५० ची लांबी सुमारे सहा मीटर, रुंदी आरसे वगळून दोन मीटर आणि वजन दोन टनांहून अधिक. पुढे पाच-सहा माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा आणि त्याखाली ट्रेलर ओढण्याचा आकडा. सुतार, प्लंबर, शेतकरी, ठेकेदार यांचे हे कामाचे वाहन. पण रविवारी कुटुंबाला चर्चमध्ये नेणारे आणि सुटीत बोट किंवा फिरते घर ओढत तळ्याकाठी पोहोचविणारेही तेच. एकाच वाहनावर इतकी कामे सोपविली, की त्याच्याविषयी ममत्व निर्माण होणे स्वाभाविक आहे.

या ममत्वाला इतिहास आहे. फोर्डची 'एफ' मालिका १९४८ च्या मॉडेलपासून सुरू झाली आणि १९७७ पासून ती अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा पिकअप आहे. जनरल मोटर्सचे समर्थक यावर लगेच सांगतात, की शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा ही जुळी भावंडे असून दोघांचा खप एकत्र केला तर अनेक वर्षी तीच पुढे असतात. दोघांचेही बरोबर आहे. मिशिगनसारख्या राज्यात तर हा प्रश्न थेट पोटापाण्याशी जोडलेला होता. फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात आजोबा कामाला असतील, तर अंगणात फोर्ड उभी करणे म्हणजे घरच्या अन्नाशी बेइमानी मानली जाई. कामगारांच्या नातेवाइकांना मिळणारी सवलतीची किंमत ही या निष्ठेची व्यावहारिक बाजू. कारखाने बंद झाले, माणसे टेक्सासात, अॅरिझोनात पांगली. आवड मात्र मुलांकडे आली. अँडरसन, केलॉग, लँगर आणि सॅली या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आई-वडिलांचा मोटारीचा ब्रँड आणि प्रौढ मुलांची निवड यांत ठळक संबंध दाखविला होता. तो केवळ सारख्या उत्पन्नाचा वा सारख्या प्रदेशाचा परिणाम नसून आवडच वारशाने येत असावी, याकडे त्यांच्या निष्कर्षांचा कल होता.

कंपन्यांनी या वारशाला खतपाणी घातले. नव्वदच्या दशकात शेव्हरोलेच्या जाहिरातींनी खडकासारख्या भक्कमपणाचे एक गाणे घरोघरी पोहोचविले. फोर्डने 'टफ' हा शब्द आपलासा केला. रस्त्यावरचे समर्थक याहून पुढे गेले. कॅल्व्हिन या व्यंगचित्रातील पोराची नक्कल करून तो प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोधचिन्हावर लघवी करीत असल्याचे स्टिकर मागच्या काचांवर झळकू लागले. मूळ चित्रकार बिल वॉटरसन यांनी आपल्या पात्रांच्या अशा वापराला कधीही परवानगी दिली नव्हती, हे त्या गदारोळात कोणाच्या गावीही नव्हते.

या वैराचा अलीकडचा गाजलेला अंक अॅल्युमिनियमवरून रंगला. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० साठी पोलादी कायेऐवजी अॅल्युमिनियमची काया स्वीकारली आणि ट्रकचे वजन सुमारे सव्वातीनशे किलोपर्यंत घटविले. शेव्हरोलेने २०१६ मध्ये जाहिरात केली, की दोन्ही ट्रकांच्या हौद्यांत वरून दगडी ठोकळे ओतले असता फोर्डच्या हौद्याला भोके पडली आणि सिल्व्हराडोला केवळ पोचे आले. गंमत अशी, की जाहिरातीत एकमेकांचे हौदे फोडणाऱ्या या दोन कंपन्यांनी २०१३ मध्येच नवे गिअरबॉक्स संयुक्तपणे विकसित करण्याचा करार केला होता. त्यातून तयार झालेला दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स थोड्याफार फरकाने आज एफ-१५० मध्येही आहे आणि सिल्व्हराडोमध्येही. तीन पिढ्यांचा फोर्डनिष्ठ ज्या शेव्हीला नाक मुरडतो, तिच्या पोटातले एक महत्त्वाचे यंत्र फोर्डच्याच अभियंत्यांनी पाहिलेले असते.

मुळात ग्राहकापुढे पर्याय इतके थोडे का, याचे उत्तर कोंबड्यांमध्ये दडले आहे. साठच्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम जर्मनी, फ्रान्स आदी देशांनी अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर कर बसविला. प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर लावला. बाकीच्या वस्तू पुढे त्यातून सुटल्या. ट्रक काही सुटले नाहीत. 'चिकन टॅक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कराच्या तटबंदीआड डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांनी पिकअपची बाजारपेठ जवळजवळ आपसात वाटून घेतली. टोयोटाला आत शिरण्यासाठी अमेरिकेतच कारखाना काढावा लागला. १९९९ मध्ये इंडियानात टुंड्रा बनू लागली आणि २००६ मध्ये तिचे उत्पादन थेट टेक्सासातील सॅन अँटोनियोत, म्हणजे पिकअपच्या बालेकिल्ल्यातच, सुरू झाले. निसाननेही टायटन हा ट्रक मिसिसिपीत बनवून पाहिला. २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. चांगले वाहन बनविणे आणि माणसाला त्याच्या वडिलांच्या ट्रकपासून दूर करणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा अनुभव निसानला पुरेपूर आला असावा.

तरीही निष्ठा अभेद्य नसते. डॉज कंपनीचा रॅम १९९४ पूर्वी या स्पर्धेत कुठेतरी मागे रेंगाळत होता. त्या वर्षीच्या मॉडेलला अवजड मालट्रकासारखे उंच, रुंद नाक दिले गेले आणि खप उसळला. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या व सरकारी पैशावर तरल्या. फोर्डने २००६ मध्येच निळ्या बोधचिन्हासह आपली मालमत्ता तारण ठेवून सुमारे २३ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले होते, त्यामुळे ती त्यातून बचावली. आणि सरकारी मदतीला विरोध असणाऱ्या काही शेव्हीनिष्ठांना पक्षांतराचे तात्त्विक कारण मिळाले. २०१९ मध्ये तर रॅमने खपात सिल्व्हराडोला मागे टाकून दुसरे स्थान पटकावले. त्या यशात केबिनच्या आतील सजावटीचा आणि मोठ्या पडद्याचा वाटा लहान नव्हता.

आता ज्याला खरोखरच ब्रँड बदलायचा आहे, त्याने पाहावे काय? शोरूममध्ये सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा असतो ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचा. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढीत असे. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने २००८ मध्ये त्यासाठी सामाईक कसोटी ठरविली. अॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे अठरा किलोमीटरचा चढ, किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान, वातानुकूलन पूर्ण जोरात, आणि तरीही हलक्या ट्रकचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये, असा हा दंडक. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून तो स्वीकारला, तेव्हा तिच्याच ट्रकचे आकडे घसरले आणि प्रतिस्पर्ध्यांचे फुगीर आकडे तसेच राहिले. डेट्रॉइटच्या कंपन्या २०१५ च्या सुमारास त्या वाटेवर आल्या. प्रामाणिकपणाची किंमत आधी मोजणाऱ्याला बाजार बक्षीस देतोच असे नाही.

पण कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा तो नव्हेच. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर, एका लहानशा पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर छापलेला असतो. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, हे त्यावर त्या विशिष्ट ट्रकपुरते लिहिलेले असते. समजा, तो आकडा ६८० किलो आहे. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार त्याच्या दांड्यावाटे ट्रकच्या पाठीवर येतो. चार टनांच्या फिरत्या घराचा १२ टक्के धरला, तर ४८० किलो तिथेच संपले. उरले २००. त्यात नवरा, बायको, दोन मुले, कुत्रा, हौद्यातील जनित्र आणि ट्रेलर जोडण्याचे अवजड साहित्य बसवायचे. जाहिरातीत पाच टन ओढणारा ट्रक चार टनांनाच, तेही चक्क नियमाने, ओव्हरलोड होतो. मागची बाजू खचते, पुढच्या चाकांची पकड सैलावते आणि महामार्गावर वाऱ्याच्या झोताने ट्रेलर डुलू लागतो. यातील विरोधाभास असा, की चामड्याच्या आसनांची, काचेच्या छताची महागडी आवृत्ती स्वतःच वजनदार असल्याने बहुधा कमी भार वाहते. एकाच कंपनीच्या दोन ट्रकांत या आकड्याचा जो फरक पडतो, तो कित्येकदा दोन कंपन्यांमधील फरकाहून मोठा असतो.

कंपन्यांत खरे फरक नाहीत असे मात्र नाही. रॅमने २००९ च्या मॉडेलपासून हलक्या ट्रकच्या मागच्या बाजूला कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग बसविल्या. रिकामा ट्रक खड्ड्यांतून जाताना त्याचा फायदा जाणवतो. टुंड्राने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. एफ-१५० आणि सिल्व्हराडो पाट्यांवरच विसंबून आहेत. सवयींचा प्रश्न वेगळाच. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी खाली ओढण्याची वीस वर्षांची सवय असलेला हात रॅमच्या अनेक मॉडेलांत हवेतच फिरतो, कारण तिथे रेडिओच्या बटणासारखी गोल चकती असते. शिवाय जुन्या ट्रकच्या हौद्यावरचे झाकण, अवजारांची पेटी, फाळक्याला जोडलेली शिडी यांतील बहुतेक वस्तू नव्या ब्रँडच्या मापात बसत नाहीत. ठेकेदाराच्या बाबतीत हा खर्च काही हजार डॉलरांवर जातो आणि तो किमतीच्या फलकावर कुठेच दिसत नाही.

कर्जाचा भाग याहून नाजूक. अशा ट्रकसाठी सहा-सात वर्षांची कर्जे आता सर्रास घेतली जातात. तिसऱ्या वर्षीच मन उडाले, तर ट्रकची बाजारातील किंमत उरलेल्या कर्जापेक्षा कमी असण्याचा संभव मोठा. विक्रेता हसतमुखाने तो फरक नव्या कर्जात मिसळून देतो. मासिक हप्ता जवळपास तेवढाच राहतो, म्हणून ग्राहकालाही सौदा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो विकून टाकलेल्या ट्रकचेही हप्ते फेडत असतो. प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक फोडणाऱ्यासाठी कंपन्या खास सूट ठेवतात आणि टिकून राहणाऱ्यासाठी निराळी सूट असते. दोन्हींची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या ट्रकची किंमतही दोन-तीन ठिकाणी विचारलेली बरी.

बहुतेकांना ब्रँड बदलावासा वाटतो तो एखाद्या मोठ्या बिघाडानंतर. रागाच्या भरात माणूस समजतो, की पलीकडे सारे आलबेल आहे. नोंदी तसे सांगत नाहीत. टोयोटाने २०२४ मध्ये इंजिनात राहिलेल्या धातुकणांपायी टुंड्रा व लेक्सस मिळून सुमारे एक लाख वाहने परत बोलावली. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनातील दोषामुळे अमेरिकेतील जवळपास सहा लाख ट्रक व एसयूव्ही परत बोलावल्या. एका वर्षात सर्वाधिक रिकॉल जाहीर करण्याचा विक्रम २०२५ मध्ये फोर्डच्या नावावर लागला. तेव्हा ब्रँडपेक्षा विशिष्ट इंजिन, विशिष्ट वर्ष आणि त्या गाडीच्या क्रमांकावर सरकारी संकेतस्थळाने दाखविलेली नोंद पाहणे शहाणपणाचे.

रॅमने २०२५ च्या मॉडेलमधून आपले प्रसिद्ध 'हेमी' व्ही-८ इंजिन काढून टाकले आणि त्याजागी अधिक ताकदीचे, टर्बो बसविलेले सहा सिलिंडरचे इंजिन दिले. कागदावर तक्रारीला जागा नव्हती. तरीही निष्ठावंत इतके नाराज झाले, की जून २०२५ मध्ये कंपनीने हेमीच्या पुनरागमनाची घोषणा केली. परतलेल्या या इंजिनाची ताकद नव्यापेक्षा कमी आहे आणि अनेक आवृत्त्यांत त्यासाठी ग्राहकाला जादा पैसे मोजावे लागतात. ते मोजणारे भरपूर आहेत.