हौस फियाटची, परीक्षा पत्र्याची

‘अगं, थोडासा गंज आहे, बाकी गाडी टकाटक आहे!’ जुनी फियाट बघून घरी आलेल्या नवऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. कुणाच्या तरी वाड्यामागे, शेडमध्ये नाहीतर चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, पण मालक विकायला तयार. आणि किंमत? ‘नव्या स्कूटरपेक्षाही कमी!’ मग घरात दोन पक्ष पडतात. त्याला त्या गाडीत बालपण दिसतं, तिला दिसतं भंगार.

खरं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. म्हणून वाद घालण्याआधी गाडी नीट बघावी आणि ती दोघांनी मिळून बघावी. ‘मला त्यातलं काय कळतंय?’ असं म्हणू नका. धान्याची कोठी, पत्र्याची ट्रंक, लोखंडी कपाटाचे पाय... कुठला गंज घासून जाईल आणि कुठला पत्रा आता कामातून गेला, हे आपण घरात ठरवतोच की! गाडीचा पत्रा काही वेगळा नसतो.

एवढी लाडकी का?

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडायची. आधी गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचं नाव ल्यायलेली ही गाडी डॉक्टरांच्या दारात दिसायची, लग्नाच्या वरातीत दिसायची, मुंबईत काळी-पिवळी होऊन धावायची. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर तर हिचं इंजिन तयार करून हौशी मंडळी शर्यतीही खेळायची! ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि जुन्या फियाटची ओढ आणखीच वाढली. पण ओढ वाढली की विकणाऱ्याचा आवाजही वाढतो, हे विसरू नका.

इंजिनाआधी पत्रा

गाडी बघायला गेलं की पुरुष मंडळी आधी बॉनेट उघडतात. आपण आधी खाली वाकायचं. कारण १०८९ सीसीचं हे इंजिन साधं असतं आणि जुन्या मेकॅनिकच्या हाताखालचं असतं. बिघडलं तरी उतरवून दुरुस्त करता येतं. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. तो सडला की गाडीचं बळच जातं. मग वरून कितीही चकचकीत रंग मारा, भिंत पोखरलेल्या घराला डिस्टेंपर दिल्यासारखंच!

गंजही दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा. तपकिरी थर, पॉलिश पेपरने घासला की खाली घट्ट पत्रा लागतो. त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरा आतून खाणारा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंगाखाली फुगवटे येतात, खपल्या निघतात आणि बोटाने दाबलं तर कुरकुर वाजतं. तिथे पत्रा संपत आला, असं समजा. कोकणातली, समुद्राजवळ उभी असलेली गाडी असेल तर जास्तच सावध राहा. खारी हवा पत्र्याला लवकर खाते.

पर्समध्ये चुंबक, हातात टॉर्च

गाडी बघायला भर उजेडात जा आणि ती कोरडी असताना बघा. ओल्या गाडीचा रंग छान दिसतो आणि दोष लपतात. सोबत एक छोटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. मडगार्डवर, दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीवर ते लावून बघा. पत्र्याला चुंबक घट्ट चिकटतं. जिथे सडलेल्या भोकावर पुट्टी, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘लांबी’, भरून रंग दिलेला असतो, तिथे ते हळूच चिकटतं किंवा घसरून पडतं.

मग आतले मॅट उचला. पुढच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत येतं आणि मॅटखाली महिनोन् महिने मुरतं. तिथली जमीन टॉर्च लावून बघा. डिकीतलं स्टेपनीखालचं तळ बघा, बॅटरी ठेवायची जागा बघा. दारांच्या खालून जाणारी लांब पट्टी आणि जॅक लावायच्या जागा तर बघायच्याच. इथेच गाडीचा भार पेलला जातो.

शेवटी दार उघडून कडेने जरा वर उचलून बघा. नुसती बिजागरीची पिन झिजली असेल तर काम थोडक्यात होतं. पण दारासोबत खांबाचा पत्राही हलत असेल तर मामला गंभीर. चारही दारांच्या फटी सारख्या आहेत का, हेही बघा. एकीकडे बोटभर आणि दुसरीकडे घासतंय, असं असेल तर गाडी बसली आहे किंवा तिला कधीतरी जबर मार लागला आहे.

आता इंजिनाकडे

तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलंय का, ते बॉनेटला हात लावून कळतं. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. निळसर धूर येत राहिला तर ते ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर आत पाणी जात असण्याची शक्यता आहे. ही कामं होतात, पण त्यांचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक धरतील असं मानू नका. गाडी चालवत घरी आणायचा मोह टाळा, टेम्पोवर घालून आणा. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून घ्यावे लागतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्याला टिकत नाही. गळणारं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन म्हणजे आगीला आमंत्रणच.

कागद नसतील तर पुढे जाऊ नका

पत्रा सडका असला तर पैसे जातात. कागद सडके असले तर गाडीच जाते. आरसी बुकवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. ‘गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते गेले, पण काही अडचण येणार नाही,’ असं कुणी म्हणालं तर थांबा. आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला. सीएनजी किट बसवलं असेल तर त्याचीही नोंद आरसीवर हवी.

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २० वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार रुपये झालं. त्यात पर्यावरण कर आणि राहून गेलेल्या वर्षांचा दंड धरा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज मुलांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला नाही!

वहीतला हिशोब

आता वही घ्या. मागितलेल्या किमतीखाली पत्र्याचं काम, इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर, सीट, रंग, कागदपत्रं, विमा असं एकेक लिहा. पत्र्याच्या कामाचा अंदाज रंगाऱ्याकडून नको, वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून घ्या, तोही गाडी जॅकवर चढवून. आणि आलेल्या बेरजेत आणखी निम्मी रक्कम राखीव धरा, कारण पत्रा कापल्यावर आत काय निघेल ते आधी दिसत नाही. समजा, गाडी ६० हजारांना आहे आणि काम दोन लाखांचं निघालं, तर ती गाडी ६० हजारांची नाहीच. राखीव धरून ती जवळपास चार लाखांची आहे. हे पैसे कुठून येणार? मुलीच्या फीतून, मुदतठेव मोडून, की खरंच बाजूला ठेवलेल्या पैशातून? हा प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे आणि तो गाडी दारात यायच्या आधीच विचारायचा आहे.

उत्तरं तीनच. तळ, खालच्या पट्ट्या आणि खांब मजबूत, कागद चोख, गंज वरवरचा असेल तर घ्या. सांगाडा चांगला पण इंजिन थकलेलं असेल तर घासाघीस करून घ्या. तळ सडलेलं किंवा आरसीच नसेल तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून परत फिरा.

आणि समजा, वहीने ‘हो’ म्हटलंच, तर मात्र कुरकुर न करता हौसेने घ्या. स्टिअरिंगखालचा तो गिअर टाकायला तुम्हीही शिका बरं का! पैसे दोघांचे, तर गाडीही दोघांची.