सतरा वर्षांखालील विश्वचषक आणि आमचा गोलकीपर



आपल्या बीड जिल्ह्यात खेळ म्हटलं की आधी क्रिकेट, मग कबड्डी. मी मात्र लहानपणापासून फुटबॉलवेडा. त्यामुळे २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात होणार हे कळलं, तेव्हा माझा आनंद पोटात मावेना. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांमध्ये फुटबॉल खेळवला गेला. उमापुरातही आमची पोरं काळ्या मातीच्या चिखलात मनसोक्त खेळली. सातवीतला एक किडकिडीत मुलगा दोन दगडांच्या मध्ये उभा राहिला आणि त्या दिवसापासून आमचा गोलकीपर झाला.

स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर या काळात झाली. नवी दिल्ली, कोलकाता, नवी मुंबई, कोची, मडगाव आणि गुवाहाटी ही सहा शहरं आणि एकूण २४ संघ. मी मुलांना विचारलं, "सामने किती होतील?" फळ्यावर मांडणी केली. चार-चार संघांचे सहा गट. गटात प्रत्येक संघ इतर तिघांशी खेळणार, म्हणजे एका गटात ६ सामने आणि सहा गटांचे ३६. प्रत्येक गटातले पहिले दोन असे १२ संघ आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले चार, असे १६ संघ पुढे जाणार. त्यांचे ८, ४, २, तिसऱ्या जागेसाठी १ आणि अंतिम १, म्हणजे आणखी १६. एकूण ५२. गणिताला कंटाळणारी पोरंसुद्धा त्या दिवशी हात वर करत होती.

भारताला यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. "सर, आपल्या महाराष्ट्राचा!" म्हणून मुलांना कोण आनंद! पहिल्या सामन्यात अमेरिकेकडून आपण ०-३ असे हरलो. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. बरोबरी झाली, पण मिनिटभरातच कोलंबियानं दुसरा गोल केला आणि आपण १-२ असे हरलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात हाच विषय. गोलकीपर म्हणाला, "सर, आनंदात ध्यान गेलं त्यांचं. गोल झाल्यावर तर जास्त सावध राहाया पाहिजे." एवढी समज त्याला खेळानं दिली होती, पुस्तकानं नाही. पुढं घानाकडून ०-४ अशी हार झाली आणि भारताची स्पर्धा संपली. तीन सामन्यांत एक गोल केला, नऊ खाल्ले. तरी मुलांनी स्पर्धा सोडली नाही. "आता कोण, सर?" असं रोज विचारायची.

मग दिवाळी आली. सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा गोलकीपरची जागा रिकामी होती. आई-वडिलांनी मुकादमाची उचल घेतली होती. अख्खं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं. आपल्या भागात हे नवं नाही, हजेरीपटावर आपण दरवर्षी बघतो. पण या वेळी ते मला फार लागलं. ज्या वयाच्या पोरांसाठी जगानं एवढा मोठा सोहळा मांडला होता, त्याहूनही लहान पोर फडावर वाढं गोळा करत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो परत आला. पहिला प्रश्न, "सर, फायनल कोण जिंकलं?" मी सांगितलं, इंग्लंड. स्पेननं आधी दोन गोल केले होते, तरी इंग्लंडनं ५-२ असा सामना फिरवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी माझा अभ्यासबी भरून निघंल?"

भरून निघाला, पण त्यासाठी त्यानं आणि आम्ही सुट्टीतले दिवस खर्ची घातले. म्हणून पालकांना हात जोडून सांगणं आहे: हंगामाला जाताना लेकरू आजी-आजोबांकडं ठेवा, नाहीतर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आणि शिक्षकांनो, दिवाळीच्या आधीच घरोघर जाऊन बोला. उचल घेतल्यावर बोलून उपयोग होत नाही. पोरगं मैदानात असलं, तरच पुढचा गोल होतो.